उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर: मीटरवरच्या शून्यावर कितपत विसंबावे?

विज्ञानशिक्षक (धागाकर्ता)

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी पदवीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही हवेतील ठिणगीचा अभ्यास करत आहोत. दोन पितळी गोलांमधले अंतर बदलत जायचे, ०.५ मायक्रोफॅरडचा तेल-कागदाचा जुना कपॅसिटर १० किलोव्होल्टपर्यंत चार्ज करायचा आणि किती अंतराला किती व्होल्टेजवर ठिणगी पडते ते नोंदवायचे, असा हा प्रयोग आहे. पॉवर सप्लाय १० किलोव्होल्ट, २ मिलिअँपिअरचा आहे.

मागच्या आठवड्यात जे घडले ते मला अजून अस्वस्थ करते आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो. चार्जिंग चालू असताना वीज गेली. सप्लायच्या पॅनेलवरचे लाल आकडे विझले, पंखा थांबला आणि खोलीत एकदम शांतता झाली. गोलांमधले अंतर पुन्हा जुळवून घ्यावे म्हणून एका विद्यार्थ्याने सहज हात पुढे केला. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी त्याचे मनगट धरून मागे ओढले आणि अर्थिंगचा दांडा कपॅसिटरच्या टोकाला लावला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि दांड्याच्या तांब्याच्या टोकावर मसुराच्या डाळीएवढा खळगा पडला. वीज जाऊन तोवर दोन मिनिटे होऊन गेली होती.

चूक माझी होती. कपॅसिटरला समांतर रोध मी लावलेलाच नव्हता, आणि सप्लाय बंद झाला की त्याच्या आतल्या वाटेने प्रभार निघून जाईल असे मी गृहीत धरले होते. प्रयोग तूर्त बंद ठेवला आहे. चार्जिंग, मोजमाप आणि डिस्चार्ज या तिन्ही गोष्टी पहिल्यापासून नीट उभारायच्या आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रोहित्र

सर, तुमच्या सहायकांना माझा नमस्कार सांगा. ट्रान्सफॉर्मरच्या चाचणी विभागात माझी तीस वर्षे गेली, आणि आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जे शिकवले जात असे ते तुमच्या त्या माणसाच्या हातात आपोआप आले.

आधी प्रकरण किती मोठे आहे ते पाहू. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. तुमच्या बाबतीत ती २५ ज्यूल येते. एक किलोचे वजन अडीच मीटरवरून पडावे एवढीच ही ऊर्जा आहे, त्यामुळे आकडा ऐकून विद्यार्थ्यांना भीती वाटत नाही. पण ही ऊर्जा काही मिलिसेकंदांत छातीतून गेली तर हृदयाची लय बिघडू शकते. उच्च व्होल्टेजवर १० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा साठत असेल तर ती मांडणी जीवघेणी समजूनच वागावे, अशी आमची पद्धत होती. व्होल्टेज दुप्पट केले की ऊर्जा चौपट होते, हेही फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

आता तुमच्या सप्लायबद्दल. सप्लायच्या आतला डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. कपॅसिटर त्यातून भरतो, पण त्यातून परत रिकामा होत नाही. आत रोध असला तरी तो डायोडच्या कोणत्या बाजूला आहे आणि मधला स्विच त्या क्षणी उघडा होता की बंद, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून रिकामे होण्याची वाट कपॅसिटरच्या स्वतःच्या टोकांवर, मध्ये कोणताही स्विच न ठेवता, कायमची जोडलेली हवी. ती एक नव्हे, दोन हव्यात, कारण रोध बिघडतो तेव्हा बहुधा उघडा पडतो आणि बाहेरून तसाच्या तसा दिसत राहतो.

दुकानात मिळणारा पाव वॅटचा साधा रोध सुमारे २५० व्होल्टपर्यंतच वापरायचा असतो. वॅटचा हिशेब बरोबर आला म्हणून लोक एकच रोध १० किलोव्होल्टवर लावतात, आणि त्याच्या अंगावरून ठिणगी सरपटत जाते. तुम्ही २ मेगॅओमचे ५० रोध एका रांगेत जोडा. म्हणजे १०० मेगॅओम होतील, प्रत्येकावर २०० व्होल्ट येतील आणि प्रत्येकात जेमतेम ०.०२ वॅट उष्णता होईल. अशा दोन स्वतंत्र रांगा कपॅसिटरच्या टोकांवर समांतर लावा. रांग नागमोडी वळवून पहिले आणि शेवटचे टोक शेजारी आणू नका, सरळ लांब ठेवा. डाख देताना टोके अणकुचीदार न ठेवता गोल गोळी करा, कारण टोकदार तारेभोवतीची हवा आयनित होऊन तिथून गळती सुरू होते.

दोन्ही रांगा शाबूत असतील तर ५० मेगॅओम आणि ०.५ मायक्रोफॅरड मिळून कालस्थिरांक (व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, म्हणजे रोध गुणिले कपॅसिटन्स) २५ सेकंद होतो. ‘पाच कालस्थिरांकांत कपॅसिटर रिकामा होतो’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे विसरा. पाच कालस्थिरांकांनंतर ०.७ टक्का उरतो, आणि १० किलोव्होल्टचा ०.७ टक्का म्हणजे जवळजवळ ७० व्होल्ट. ५० व्होल्टच्या खाली यायला तुम्हाला सुमारे १३२ सेकंद लागतील आणि एक रांग निकामी असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणून घड्याळ लावून पाच मिनिटे थांबा, आणि त्यानंतरही दांडा लावल्याशिवाय हात लावू नका.

मिलिअँपिअर

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रश्न कदाचित प्राथमिक असेल. चांगल्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगॅओम असतो. त्याच्याशी एकसरीत ९९० मेगॅओम जोडले तर १० किलोव्होल्टचे मीटरवर १०० व्होल्ट दिसतील. मग उच्च व्होल्टेज कमी करून मीटरला देणारा वेगळा महागडा प्रोब कशासाठी घ्यायचा?

प्रयोगवही

प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. याच जोडणीमुळे आमच्या प्रयोगशाळेतला एक मीटर जळाला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमचा हिशेब बरोबर आहे, पण अशा जोडणीत, म्हणजे एकसरीतल्या दोन रोधांत व्होल्टेज वाटून देणाऱ्या विभाजकात, मीटर हाच खालचा हात (अर्थिंगकडचा रोध) झाला आहे. मीटरची काळी पिन जरा सैल झाली, किंवा कोणी रेंज बदलताना वायर ओढली गेली, की खालचा हात नाहीसा होतो आणि मीटरकडे जाणारी वायर जवळजवळ पूर्ण १० किलोव्होल्टला जाऊन बसते. ९९० मेगॅओममधून येणारा प्रवाह फक्त १० मायक्रोअँपिअर असतो हे खरे, पण मीटरच्या आतले इन्सुलेशन तेवढ्या व्होल्टेजसाठी बनवलेलेच नसते. शिवाय सगळ्या मीटरांचा रोध सगळ्या रेंजवर १० मेगॅओम नसतो. काही बेंच मीटर खालच्या रेंजवर १० गिगॅओमच्याही वर जातात, आणि मग तुमचे गुणोत्तर पार कोलमडते.

म्हणून खालचा हात विभाजकाच्या आतच पक्का डाख देऊन बसवावा, त्याचे खालचे टोक थेट अर्थिंगला जोडावे, आणि त्याच्याशी समांतर गॅस डिस्चार्ज ट्यूबसारखे (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेले की प्रवाहाला वाट देणारे) संरक्षण ठेवावे, म्हणजे काही तुटले तरी मीटरच्या बाजूचे व्होल्टेज शंभर-दोनशेच्या वर जाणार नाही. समजा वरचा हात १ गिगॅओम आणि खालचा १ मेगॅओम आहे. मीटर न लावता हे गुणोत्तर १००१ येते. १० मेगॅओमचा मीटर जोडला की खालचा हात ०.९०९ मेगॅओम होतो आणि गुणोत्तर ११०१ वर जाते. हे लक्षात न घेणारा विद्यार्थी १० किलोव्होल्टला सुमारे ९.१ किलोव्होल्ट म्हणून नोंदवेल. चूक नऊ टक्के, आणि तीही धोक्याच्या बाजूची, कारण व्होल्टेज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. तयार प्रोबवर ‘१० मेगॅओमच्या मीटरसाठी’ असे लिहिलेले असते ते याचसाठी. तोच प्रोब १ मेगॅओमच्या ऑसिलोस्कोपला लावला तर आकडा साफ चुकतो.

दुसरी गोष्ट सरांसाठी. चार्जिंगच्या वाटेत किती रोध ठेवणार आहात? सप्लाय २ मिलिअँपिअरचा आहे, तेव्हा ५ मेगॅओम योग्य होईल. रिकाम्या कपॅसिटरलाही सुरुवातीला २ मिलिअँपिअरच जातील आणि गोलांमध्ये ठिणगी पडली तरी सप्लायवर ताण येणार नाही. मात्र हा रोधही एकसरीतल्या रांगेचाच हवा, कारण पहिल्या क्षणी त्याच्यावर पूर्ण १० किलोव्होल्ट असतात आणि २० वॅट खर्च होत असतात.

आता यातली मेख बघा. रोहित्र यांनी सुचवलेल्या दोन रांगा मिळून ५० मेगॅओम, प्रोबचे १ गिगॅओम, आणि वाटेत ५ मेगॅओम. पॅनेल १० किलोव्होल्ट दाखवत असेल तेव्हा कपॅसिटरवर प्रत्यक्षात सुमारे ९ किलोव्होल्टच असतील. म्हणजे पॅनेलचा आकडा वीज गेल्यावर तर खोटा ठरतोच, पण वीज असतानाही तो कपॅसिटरचे व्होल्टेज सांगत नाही. ठिणगीच्या नोंदी पॅनेलवरून घेतल्या असतील तर त्या सगळ्या पुन्हा घ्याव्या लागतील.

विज्ञानशिक्षक

त्या नोंदी पॅनेलवरूनच घेतल्या होत्या. तेव्हा समांतर रांगा नव्हत्या, त्यामुळे चूक दहा टक्के नसेल, पण कपॅसिटरची स्वतःची गळती किती होती हे मला सांगता येत नाही. त्या नोंदी आम्ही बाद करत आहोत.

एक शंका. आमचा कपॅसिटर जुन्या बाजारातून आणलेला आहे. त्यावरचा ०.५ हा आकडा आजही खरा आहे का, हे कसे तपासावे? साध्या कपॅसिटन्स मीटरवर ०.४८ दिसते.

प्रयोगवही

तो मीटर एखाद्या व्होल्टवर मोजतो. तेल-कागद किंवा पॉलिप्रॉपिलीनसाठी ते चालते, पण उच्च कपॅसिटन्सच्या सिरॅमिक प्रकारांत व्होल्टेज चढवले की कपॅसिटन्स बरीच घसरते, आणि मग एका व्होल्टवरचा आकडा कामाचा राहत नाही.

तुमच्याकडे सोपा आणि शिकवण्याच्या दृष्टीने सुंदर मार्ग आहे. कपॅसिटर चार्ज करा, सप्लाय तोडा, आणि प्रोबवरचा आकडा दर पाच सेकंदांनी लिहीत जा. व्होल्टेजच्या लॉगॅरिदमचा वेळेशी आलेख काढला की सरळ रेषा येते आणि तिच्या उतारावरून कालस्थिरांक मिळतो. रांगा आणि प्रोब मिळून ४७.६ मेगॅओम होतात, तेव्हा कपॅसिटर खरोखर ०.५ चा असेल तर व्होल्टेज साधारण साडेसोळा सेकंदांत निम्मे होईल. आतली गळती असेल तर ते लवकर निम्मे होईल आणि कपॅसिटन्स कमी असल्याचा भास होईल. ही गळती वेगळी काढण्यासाठी तोच प्रयोग वेगळ्या रोधाच्या रांगांनी पुन्हा करावा. पहिल्यांदा १ किलोव्होल्टवर करून पाहा, मग हळूहळू वर जा.

जुना तेलाचा डबा असेल तर आणखी एक काळजी घ्या. १९७० च्या दशकापर्यंत अशा कपॅसिटरांत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) जातीचे तेल सर्रास वापरत. ते विषारी आहे आणि निसर्गात टिकून राहते. डबा फुगलेला असेल, शिवणीतून तेल पाझरत असेल, तर तो चार्ज करू नका आणि उघडू तर मुळीच नका.

रोहित्र

दांड्याविषयी लिहायचे राहिले होते. सर, तुमच्या दांड्याला खळगा पडला याचा अर्थ तो थेट शॉर्ट करणारा आहे. थेट शॉर्टमध्ये प्रवाहाला आवर घालायला फक्त वायरींचे इंडक्टन्स उरते. ते अर्धा मायक्रोहेन्री धरले तरी १० किलोव्होल्टला शिखर प्रवाह १० हजार अँपिअरच्या घरात जाऊ शकतो, आणि व्होल्टेज उलटसुलट झुलत राहते. त्याने कपॅसिटरच्या आतले जोड कमजोर होतात. स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटर ‘मारायची’ जी सवय दुरुस्तीच्या दुकानांत दिसते, तिच्यात हे सगळे होतेच, वर वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांकडे उडतात.

दोन दांडे करा. पहिल्यात टोक आणि अर्थिंग यांच्यामध्ये १० किलोओमचा रोध ठेवा. शिखर प्रवाह १ अँपिअर राहील आणि कपॅसिटर शंभरेक मिलिसेकंदांच्या आत रिकामा होईल. मात्र त्या पहिल्या क्षणी रोधावर १० किलोवॅट असतात, म्हणून तिथे पातळ थराचे रोध टिकत नाहीत, भरीव कार्बनचे किंवा सिरॅमिकचे लागतात. आम्ही मोरचूदाच्या द्रावणाने भरलेली, दोन्ही टोकांना तांब्याच्या चकत्या बसवलेली प्लास्टिकची नळी वापरत असू. असा रोध एका ठिकाणी जळत नाही, कारण ऊर्जा सगळ्या पाण्यात वाटली जाते. पण पाणी उडून जाते आणि रोध बदलतो, म्हणून दररोज सकाळी तो मोजून वहीत लिहायचा. दुसरा दांडा थेट शॉर्टचा. तो पहिल्यानंतरच लावायचा आणि काम संपेपर्यंत लावलेलाच ठेवायचा.

दोन्ही दांड्यांची अर्थिंगची वायर पारदर्शक आवरणाची घ्या, म्हणजे आत तांबे तुटले असेल तर दिसते. अर्थिंगचे टोक आधी जोडायचे, मग दांडा उचलायचा. दुसरा हात पाठीमागे ठेवायचा. हे नाटकी वाटते, पण दोन हातांमधून जाणारी वाट हृदयावरून जाते.

आणि वीज जाण्याचा तुमचा प्रसंग पुन्हा घडणारच आहे हे धरून चाला. उच्च व्होल्टेजसाठी बनवलेला, वीज असेपर्यंतच उघडा राहणारा रिले कपॅसिटरच्या टोकांवर रोधासह बसवा. वीज गेली किंवा पिंजऱ्याचे दार उघडले की तो स्वतःच्या वजनाने किंवा स्प्रिंगने बंद होतो आणि कपॅसिटर रिकामा करतो. ज्या घटनेची भीती आहे तिनेच संरक्षण चालू व्हावे, अशी ती रचना असते.

कोकणकडा

समुद्राजवळच्या महाविद्यालयात काम करत असल्याने एक छोटी भर घालतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे प्रोबच्या आणि रोधांच्या रांगांच्या अंगावर दमट हवेचा पातळ थर बसतो. १ गिगॅओमच्या प्रोबवर असा थर म्हणजे समांतर लागलेला आणखी एक रोध, आणि तो रोज वेगळा. आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, मगच मापन करतो. अल्कोहोल ओले असताना चार्जिंग सुरू करणे म्हणजे ठिणगीजवळ इंधन ठेवणे आहे, तेव्हा घाई करू नये.

लेडनची बरणी

शॉर्ट काढल्यावर काय होते त्याबद्दल कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत फसवी गोष्ट तीच आहे. कपॅसिटर पूर्ण शॉर्ट करा, मीटरवर शून्य पाहा, शॉर्ट काढा आणि अर्ध्या तासाने या. टोकांवर पुन्हा व्होल्टेज आलेले असते. इन्सुलेशनमध्ये खोल मुरलेला प्रभार सावकाश पृष्ठभागाकडे परततो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये हे प्रमाण टक्क्याच्या अगदी लहान अंशाएवढे असते, तेल-कागदात ते टक्क्यांत जाते, इलेक्ट्रोलिटिकमध्ये त्याहूनही अधिक. १० किलोव्होल्टचा एक टक्का म्हणजे १०० व्होल्ट.

ही गोष्ट नवी नाही. १७४५ साली क्लाइस्ट यांना पोमेरेनियात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मुसेनब्रूक यांच्या लेडनमधल्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत प्रभार साठतो हे कळले, ते धक्का बसूनच. एकदा रिकामी केलेली बरणी थोड्या वेळाने पुन्हा लहानशी ठिणगी देते, हे पुढच्या लोकांनी नोंदवून ठेवले. बेंजामिन फ्रँकलिन यांनाही २३ डिसेंबर १७५० रोजी दोन मोठ्या बरण्यांचा प्रभार स्वतःच्या अंगातून जाऊन शुद्ध हरपण्याइतका धक्का बसला होता. त्या क्षणी त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले होते, बरण्या भरलेल्या आहेत हे त्यांना ठाऊक असूनही.

एकसरीत जोडलेल्या कपॅसिटरांचेही असेच आहे. कपॅसिटर समांतर भरून एकसरीत रिकामे करणारा मार्क्स जनरेटर असो किंवा कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये लिथियमचे अणुकेंद्र फोडण्यासाठी वापरली तशी साखळी असो, दोन्ही बाहेरची टोके शॉर्ट केली तरी मधल्या जोडांवर समान आणि विरुद्ध व्होल्टेज अडकून राहू शकते. दोन कपॅसिटर एकसरीत असतील तर टोकांमध्ये शून्य आणि मधल्या बिंदूवर दोन हजार, हे सहज शक्य आहे. तिथे प्रत्येक कपॅसिटरला स्वतःचा समांतर रोध आणि स्वतःचा शॉर्ट हवा.

मिलिअँपिअर

मग मीटरवर शून्य दिसले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

लेडनची बरणी

एवढाच की मीटरला काही दिसले नाही. प्रोब तुटला असेल, मीटरची बॅटरी उतरली असेल, रेंज चुकीची असेल, तरी शून्यच दिसते. म्हणून तोच मीटर आणि तोच प्रोब आधी माहितीच्या व्होल्टेजवर लावून तो दाखवतो हे पाहायचे, मग कपॅसिटरवर लावायचा, आणि लगेच पुन्हा माहितीच्या व्होल्टेजवर लावून तो अजून जिवंत आहे हे पाहायचे. तीनही नोंदी वहीत लिहायच्या. त्यानंतर दांडा.

रोहित्र

आणि खोलीत एकटे कोणीही नको. दुसऱ्या माणसाला मुख्य स्विच कुठे आहे हे ठाऊक हवे, छाती दाबून कृत्रिम रक्ताभिसरण देता यायला हवे, आणि १०८ क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा. धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी सप्लाय बंद करून दांडा लावायचा, नाहीतर दोघे पडतात.

विज्ञानशिक्षक

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. मांडणी आता पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्यात आहे, दाराला रिले बसवला आहे, रोधांच्या दोन्ही रांगा आणि दोन दांडे तयार आहेत. मोरचूदाची नळी सहायकांनी स्वतः बनवली. सकाळी १०.२ किलोओम भरली.

कालस्थिरांकाच्या आलेखावरून कपॅसिटन्स ०.४९ मायक्रोफॅरड आली, १ किलोव्होल्टवर आणि ८ किलोव्होल्टवर जवळजवळ सारखीच. लेडनची बरणी यांच्या सांगण्यावरून एक मुद्दाम प्रयोग केला. ८ किलोव्होल्टवर अर्धा तास ठेवलेला कपॅसिटर दांड्यांनी रिकामा केला, पाच मिनिटे थेट शॉर्ट ठेवला, तीन टप्प्यांत तपासून शून्य नोंदवले, मग पिंजऱ्याच्या बाहेरून रोधांच्या रांगा आणि शॉर्ट वेगळे करून फक्त प्रोब जोडलेला ठेवला. पहिल्या मिनिटाला ९ व्होल्ट, पाचव्या मिनिटाला ३८, विसाव्या मिनिटाला ७१. ज्या विद्यार्थ्याने त्या दिवशी हात पुढे केला होता, तोच हे आकडे मोठ्याने वाचत होता आणि बाकीचे लिहून घेत होते.

आता कपाटात ठेवलेल्या आमच्या प्रत्येक कपॅसिटरच्या टोकांवर उघडी तांब्याची तार पिळून बांधलेली आहे, आणि ती काढणाऱ्याने वहीत वेळ लिहून सही करायची आहे.